उलट बाजू

निमाणीला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते.
विंचूरपासून मामंजींनी मांडी बदलली नव्हती.
पोटाशी कापडी पिशवी, पिशवीत पाच महिने:
वांगी रंग, नारळी काठ, पदरावर चौदा मोर.
पंधराव्याला जागा उरली नव्हती.

गंगापूर रोडच्या बाईंनी पैठणी दिव्याखाली धरली,
फोटो काढला, कुणाला तरी पाठवला,
उत्तर येईपर्यंत आम्हाला पाणी दिलं.
मग म्हणाल्या, छान आहे,
फक्त फोटोत जरा फिकी दिसते.
मामंजी म्हणाले, फोटोत मीही फिका दिसतो.

पैसे मिळाले. जिन्यात मोजले. रिक्षात परत मोजले.
पिशवी रिकामी झाली होती,
तरी ती पोटाशीच.

"गाडी चारला आहे," ते म्हणाले,
"गंगेवर जाऊन येऊ."

मला सून होऊन नऊ वर्षं झाली,
आणि येवल्याच्या घरात मी पाहिलेला हा माणूस
कमरेपासून वरचाच.
खाली खड्डा, खड्ड्यात पावड्यांचा आवाज.
घाटाच्या उतारावर पहिल्यांदा कळलं
ते एवढे उंच आहेत.

कपालेश्वराच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबले.
इथे महादेवासमोर नंदी नाही.
त्यांनी आत पाहिलं, मग मागे पाहिलं,
आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले,
"बरं आहे. मध्ये दलाल नाही."

खाली बुधवारचा बाजार भरलेला.
कोथिंबीर, विळे, पितळी घंटा,
प्लास्टिकचे कॅन, गंगाजल भरून न्यायचे.
कुणाचा तरी दहावा चालू होता,
पोरगा ओल्या डोक्याने मोबाइलवर
"हो, हो, आटपतंय" म्हणत होता.

दुतोंड्या मारुतीपाशी मामंजी बराच वेळ रेंगाळले.
पूर किती चढला ते याच्या अंगावर मोजतात, मी सांगितलं,
गुडघा, कंबर, छाती.
ते ऐकत नव्हते.
पुढून पाहिलं, वळसा घालून मागून पाहिलं,
मग जाणकाराने जाणकाराला द्यावी तशी मान हलवली:
"ह्याला उलट बाजूच नाही."

आणि तिथेच, पायरीवर, चार दगडांखाली
एक पैठणी वाळत होती.
म्हणजे पैठणीचं चित्र. राणी रंग, छापील मोर,
नायलॉनची चमक.
मी म्हटलं, चला. ते वाकले होते.
त्यांनी पदराचं टोक उचललं, उलटं केलं.

"ओ बाबा! साडीला हात कशाला?"
द्रोणदिवे विकणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी.
"मागची बाजू बघत होतो."
"मागं काय असतं? मागं मी असते."

मामंजी हसले. मागावर मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही.
बाई सांगत राहिली, सातशेची आहे,
धाकटीच्या लग्नात नेसले,
व्याही म्हणाला, नवरी कोणती आणि आई कोणती.
इथे बघा, टोपलीच्या काडीत अडकून धागा निघाला,
तेव्हापासून जीव तिथंच अडकलाय.

त्यांनी टोपी काढली.
टोपीच्या घडीत सुई असते, हे मला ठाऊक होतं,
पण ती सुई सातशेच्या साडीत शिरेल
असं वाटलं नव्हतं.
पाच मिनिटं, चष्मा कपाळावर, ओठ आत.
दोऱ्याला गाठ मारून दाताने तोडला.
बाईने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं,
"कुठं होतं ओ ते?"

पैसे घेतले नाहीत. एक दिवा घेतला, तो मला दिला,
"तू सोड. मला नाही जमत,
वस्तू हातातून सोडणं."

मी दिवा सोडला. दोन हात जाऊन
तो निर्माल्याला अडला, तिथेच जळत राहिला.

वळून पाहिलं तर मामंजी पायरीवर बसलेले,
धोतर गुडघ्यापर्यंत, पाय पाण्यात,
बरोब्बर मागावर बसतात तसे.
डावा खाली, उजवा वर. उजवा खाली, डावा वर.
शेवाळी पाणी हलत होतं.

"गाडी," मी म्हटलं.
"हो," ते म्हणाले,
आणि पाय चालूच होते.